सुपारी, विसार आणि शब्द

मांडववाला अंगणात आला आणि त्यानं आधी वर बघितलं. माडाच्या झावळ्या कुठल्या अंगाला झुकल्यात ते पाहिलं, चप्पल काढून टाचेनं माती दाबून बघितली, आणि मग माझ्या मामेबहिणीला विचारलं, “ताई, दुपारचा वारा कुठून लागतो?”

मुरब्याला मे महिन्यात दुपारी वारा समुद्रावरून येतो. चारच्या सुमाराला तो असा भरतो की वाळत घातलेली लुगडी दोरीवर आडवी होतात. ज्यानं मांडवाचं तोंड पश्चिमेला ठेवलं त्याच्या कनाती फुगतात, झालर फाटते, आणि बायका एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं ताट धरून जेवतात. हे गावातल्या कुणालाही ठाऊक असतं. पण हा माणूस पालघरकडचा होता, आणि त्याला हे विचारावंसं वाटलं. आदल्या रविवारी आम्ही बोईसरला दुसऱ्या एकाकडे जाऊन आलो होतो. तिथं मोठ्या पडद्यावर फुलांच्या कमानी, झुंबरं, धुराचे लोट, सगळं बघून झालं. घर कुठे आहे, आळीत टेम्पो शिरतो का, अंगण केवढं, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. बहिणीनं वाऱ्याचं विचारणाऱ्याला हो म्हटलं. तेव्हापासून मला कुणी लग्नासाठी माणूस कसा निवडायचा म्हणून विचारलं, की मी सांगते, त्याचा अल्बम नंतर बघा, आधी तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका.

या बहिणीच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या, लग्नाच्या निमित्तानं २०२५च्या उन्हाळाभर मी मुरबे, बोईसर आणि पालघर असे हेलपाटे घातले. मांडववाले, केटरर, आचारी, बँजोवाले, फोटोग्राफर, मेंदी काढणाऱ्या मुली, गुरुजी, किती जणांशी बोलले त्याची मोजदाद नाही. हा लेख त्या बोलण्यातून आला आहे.

मुरबे हे पालघर तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी, खाडीपल्याड सातपाटी. सध्या ओट्यावर बसलं की बोलणं बंदराचं निघतं. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली, आणि मुरब्याच्या किनाऱ्यावरही बंदर प्रस्तावित आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण घरातलं लग्नसुद्धा मासळीवरच होतं. शासनाची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. त्याआधी मोसमाचा हिशोब मिटत आलेला असतो, हातात चार पैसे असतात, होड्या वर ओढायची तयारी सुरू असते. म्हणून लग्नं एप्रिल-मेमध्ये. आणि बाजार जवळच बोईसरला. तारापूरची एमआयडीसी, १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, त्यांच्याभोवती देशभरातून आलेली माणसं. त्यामुळे ढोकळ्यापासून चाटपर्यंत आणि ब्रास बँडपासून डीजेपर्यंत सगळं एका रस्त्यावर मिळतं. मिळत नाही ती तारीख.

अधिक महिना आला की ही ओढाताण आणखी वाढते. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्न लावत नाहीत, आणि तो संपतो तोवर पाऊस दारात. म्हणजे मेचे जेमतेम १६ दिवस हाताशी. एका मुहूर्ताला एकाच मांडववाल्याच्या दारी चार घरं उभी राहतात. मग तो तिघांना हो म्हणतो आणि बांबू दुसऱ्याकडून भाड्यानं आणतो. ज्यांच्या घरी अशा उन्हाळ्यात कार्य आहे त्यांनी आधीची दिवाळी संपली की लगेच बोलणी करावीत, आणि बोलताना एक प्रश्न स्पष्ट विचारावा: “त्या दिवशी तुमची आणखी किती कामं आहेत, आणि आमच्याकडे तुम्ही स्वतः असणार की माणूस पाठवणार?” खरं सांगणारा आकडा सांगतो. सांगायला नको असलेला “काळजी करू नका” म्हणतो.

आमच्या आजीच्या लग्नात यातलं कुणीच नव्हतं. मांडवाचे बांबू आळीतले, त्यावर झावळ्या गावच्या माडांच्या, भांडी पंचांकडची, स्वयंपाकाला चुलत्या-मावश्या, पाणी भरायला पोरं. एकच माणूस बाहेरचा, तो भट. आणि त्याचीसुद्धा निवड कधीकाळी घरच्या हातात नव्हती. गावजोशाचं वतन असे; दुसऱ्याकडून लग्न लावून घेतलं तरी त्याची दक्षिणा तो हक्कानं मागू शके. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनं पुण्यात पहिलं लग्न लागलं ते २५ डिसेंबर १८७३ला, आणि गावजोशांशी झगडा त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालला. शेवटी रावबहादूर सी. के. बोले यांच्या खटपटीनं १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न केलेल्या कामाची दक्षिणा द्यायचं बंधन गेलं. आज आपण दहा जणांना फोन करून भाव विचारतो, तेव्हा या ‘विचारण्या’साठी कुणीतरी भांडलं होतं याची मला आठवण होते.

पण या जिल्ह्यात लग्नाच्या खर्चाची त्याहून जड आठवण आहे. मुरब्याहून उत्तरेला डहाणू, तलासरी. तिथला वारली गडी लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फेडायला त्याच्याच घरी राबे. लग्न होऊन आलेली बायकोही राबे. त्याला नाव होतं लग्नगडी. कर्जाची रक्कम थोडी, पण ती फिटत नसे. हिशोब मालकाच्या वहीत, आणि गड्याला वाचता येत नसे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं आहे. १९७० साली ते आलं, १९७२ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं किसान सभेनं वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी मोडून काढायला सुरुवात केली. वेठबिगार मोडणारा देशभरचा कायदा त्यानंतर ३१ वर्षांनी, १९७६ला आला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. एका रात्रीच्या जेवणासाठी आणि वाजंत्रीसाठी माणसानं जन्म गहाण टाकावा, आणि तो जिच्यात नोंदला आहे ती वही त्याला वाचताही येऊ नये, हे आपल्याच मातीत घडलं आहे. म्हणून बहिणीला मी पहिल्या दिवशी सांगितलं, कुणाच्याही दुकानात पाय ठेवण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिही. एवढेच आहेत, याच्यावर नाही. सोनं मोडायचं नाही, पुढच्या मोसमाच्या मासळीवर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची नाही. तिनं लिहिला, आणि नवऱ्याला सही करायला लावली. मग प्रत्येक दुकानात ‘बजेट काय’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. ते तिनं पूर्ण कधीच सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि त्यानं पाय जमिनीवर राहतात.

आता जेवणाचं. लग्नात भांडणं सर्वांत जास्त इथे होतात, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा चवीत नसतं, ताटांच्या मोजणीत असतं. केटरर ताटावर पैसे घेतो. आपण सांगतो सहाशे, जेवतात साडेपाचशे, तो म्हणतो सहाशे पन्नास उठली. ताटाला ३०० रुपये धरले तर ५० ताटांच्या फरकाला १५,००० रुपये होतात, आणि मुलगी सासरी निघालेली असताना त्या आकड्यावर कुणी वाद घालायचा? बोईसरच्या एका जुन्या केटररनंच मला यावरचा उपाय सांगितला, आणि याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पंगत बसण्याआधी ताटांच्या थप्प्या दोघांनी मिळून मोजायच्या, आकडा लिहायचा, जेवणं संपल्यावर कोरी राहिलेली मोजायची. दुसऱ्यांदा आलेलं ताट, वाजंत्र्यांची ताटं, ड्रायव्हरांची ताटं, हे सगळं आधी बोलायचं. कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील तेही आधी. आणि हे काम नवरीच्या बापाकडे द्यायचं नाही. घरातल्या अशा माणसाकडे द्यायचं ज्याला त्या दिवशी रडू येणार नाही.

चाखून बघायचं तर दुकानात बोलावून वाटीभर देतात ते नको. त्याच माणसाचं दुसऱ्या कुणाच्या लग्नातलं जेवण, तेही शेवटच्या पंगतीला, चाखून बघावं. पहिली पंगत सगळेच चांगली वाढतात. परवाना आहे का ते विचारावं. अन्न सुरक्षा कायद्याखाली केटररला तो लागतोच आणि त्याचा क्रमांक बिलावर असतो. गॅस कुणाचा, पाण्याचे जार कुणाचे, वाढपी किती, उरलेलं अन्न कुणाचं, टोप कोण घासणार, हे विचारावं. हळदीच्या रात्रीचं मटण आणि वडे आम्ही गावच्याच आचाऱ्याकडे दिले. मासे मात्र कुणाकडेच दिले नाहीत. पहाटे बंदरावरून पाटी आली, आळीतल्या बायका विळी घेऊन बसल्या, आणि सकाळी नऊला कोळंबी सोलून तयार. मुरब्याच्या माणसाला दुसऱ्यानं केलेलं कालवण चालत नाही, त्याला इलाज नाही.

पैसे देण्याला आपल्याकडे शब्द किती आहेत बघा. बँजोवाल्याला, बँडवाल्याला ‘सुपारी’ देतात. मांडववाल्याला ‘विसार’. केटरर ‘ॲडव्हान्स’ म्हणतो, बोईसरचे हिंदी बोलणारे ‘बयाना’ म्हणतात. शब्द चार, पण घरची माणसं एकच धरून चालतात: दिले म्हणजे काम झालं. तारीख मोडली तर त्यातलं काय परत, हे कुणी बोलत नाही. कायद्याचं म्हणाल तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे. करार मोडला म्हणून वाटेल तेवढी रक्कम गिळता येत नाही, वाजवी नुकसानभरपाई तेवढी घेता येते. पण कलम कोर्टात उपयोगी पडतं. अंगणात उपयोगी पडतो तो कागद. २०२०-२१ला हे सगळ्यांनी भोगलं आहे. एप्रिल २०२१मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती, आणि नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. पाचशे ताटांचा विसार दिलेली घरं आणि पाचशे ताटांचा किराणा भरलेले केटरर, दोघंही अडकले. ज्यांनी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या त्यांचं मिटलं. बाकीच्यांची अजून एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळते.

आमच्या घरातली दुखरी गोष्ट फोटोंची आहे. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या लग्नाला आम्ही एका फोटोग्राफरचा अल्बम बघून हरखलो. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ दिले. लग्नाच्या दिवशी आला तो भलताच मुलगा, त्याच्या गळ्यातला कॅमेराही बहुधा उसना. आईचा, माझ्या आईचा, नीट असा एकही फोटो नाही. अल्बम अकरा महिन्यांनी मिळाला. तोवर आई गेली होती. त्यानंतर मी सगळ्यांना सांगते, निवडक वीस फोटो बघू नका. एका लग्नाचे सगळे फोटो मागा, सकाळपासून रात्रीपर्यंतचे. कॅमेरा कुणाच्या हातात असणार त्याचं नाव लिहून घ्या. मूळ फोटो सगळे पेनड्राइव्हवर आठ दिवसांत, अल्बम कधी, आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. आणि घरातल्या कोणाकोणाचे फोटो हवेतच, त्यांची यादी नावानिशी द्या. यादीत पहिलं नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं लिहा.

सेवेत अशी खोट निघाली तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. लागतो तो कागद: बिल, पावती, मोबाइलवरचे मेसेज. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ याचा अर्थ एवढाच, की उद्या तुमच्याकडे काही नसेल.

आवाजाचं थोडक्यात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांपासूनचा कायदा आहे, आणि आपल्याकडची हळद दहाला कुठे रंगात येते! डीजेवाला ‘बघून घेऊ’ म्हणतो. पोलिस येतात तेव्हा घराचा मालक शोधतात. म्हणून हळद संध्याकाळी पाचला लावायची आणि दहानंतर ढोलकी नि टाळ्यांवर बसायचं. मला तर तेच जास्त आवडतं. गाण्यांच्या परवान्याचे पैसे म्हणून कुणी लग्नघरी मागायला आलं तर त्याला सांगावं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. ड्रोनवाल्याला मात्र २०२१च्या नियमांप्रमाणे हवाई नकाशा दाखवायला सांगावं; तारापूरचं अणुकेंद्र याच किनाऱ्यावर आहे, आणि ‘सगळीकडे उडवतो’ हे उत्तर इथे चालणारं नाही.

गुरुजींना आपण या यादीत धरत नाही, पण विवाह नोंदणीच्या नमुन्यावर लग्न लावणाऱ्याची सही लागते. तीन साक्षीदार आणि ही सही. मोसमात गुरुजी एका दिवसात तीन लग्नं लावतात आणि नंतर सहीसाठी त्यांना गाठणं म्हणजे पुन्हा हेलपाटे. आम्ही नमुना आधीच भरून नेला आणि अक्षता पडल्यावर ताम्हणाशेजारीच सही घेतली. आणखी एक गोष्ट मला बोईसरच्या एका मांडववाल्यानं सांगितली. तो आता विसार घेताना मुलीच्या वयाचा दाखला बघतो. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. “मांडव घालणाराही त्यात येऊ शकतो, आणि मला दोन मुली आहेत,” एवढंच तो म्हणाला. ज्याच्याकडून मांडव घ्यावा असा माणूस मला तो वाटला.

बहिणीच्या वहीतलं मांडवाचं पान माझ्यासमोर आहे. तीस बाय चाळीस, उंची बारा. तोंड पूर्वेला. मागच्या दारी चुलीवर पत्रा. खुर्च्या दोनशे, मोजून घेणार, मोजून देणार. जनरेटर एक, डिझेल त्यांचं. पोरं सहा, दोन वेळचं जेवण घरचं, मांडवातच, पाहुण्यांसारखं. पावसाचा कपडा टेम्पोत आणायचा; लावला तर पूर्ण पैसे, नाही लावला तर निम्मे. हळदीला गाणी म्हणायच्या वेळी अर्धा तास स्पीकर बंद. डीजेला सांगायची जबाबदारी घरची. विसार अमुक, मांडव उभा राहिल्यावर अमुक, सोडल्यावर बाकी. खाली दोन सह्या.

सही मागितली तेव्हा मांडववाला जरा दुखावला होता. “ताई, एवढ्या वर्षांत कुणी माझी सही मागितली नाही.” बहीण म्हणाली, “दादा, मीही करते ना सही. उद्या माझ्याकडून पैसे द्यायला उशीर झाला तर तुम्ही काय दाखवाल?” त्यावर त्यानं पेन घेतलं. मला वाटतं, त्या पेनमागे लग्नगड्याची वही होती. फक्त या वेळी ती दोघांनाही वाचता येत होती.

पाऊस त्या वर्षी मेमध्येच आला. २६ मेला मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर झालं, पण त्याआधीच वळवाच्या सरींनी सगळ्या किनाऱ्याची झोप उडवली होती. आमच्या हळदीच्या दुपारी तीनला पालघरच्या अंगाला काळं भरून आलं. कुणी फोन करायच्या आत टेम्पोतून निळा कपडा निघाला. सहा पोरं बांबूवर चढली. त्यातली दोन झारखंडची, समुद्र पहिल्यांदाच बघत होती, तीही चढली. सर अर्धा तास पडली, आणि खालच्या रांगोळीचा एक ठिपका पुसला नाही.

मग स्पीकर बंद झाला. वहीतली ती ओळ ज्यांच्यासाठी होती त्या आजी पुढे आल्या. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या अशा बाईला आगरी-कोळ्यांत धवलारीण म्हणतात, वारल्यांत धवलेरी. वारल्यांकडे तर लग्न लावते तीच. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. जिव्या सोमा म्हसे यांनी जी चित्रकला जगभर नेली तिची मुळं याच लग्नाच्या चौकात आहेत. आमच्या आजींना बहिणीनं आधी विचारलं होतं, तुम्हाला काय द्यायचं? त्या म्हणाल्या, लुगडं दे, नारळ दे, आणि माझ्या आवाजावर आवाज चढवू नकोस. एवढंच त्यांचं दरपत्रक. त्या गायला लागल्या तेव्हा पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, आचाऱ्यानं मोठी आच कमी केली, आणि मांडवाची पोरं खांबाला टेकून ऐकत राहिली. यानंतर त्यांच्या आळीत हे कोण गाणार, हे मी विचारलं. दोन सुना शिकताहेत, असं त्यांनी सांगितलं. एकीच्या मोबाइलमध्ये सगळी गाणी भरून ठेवली आहेत.

तिसऱ्या दिवशी मांडव सुटला. खुर्च्या दोनशे भरल्या. कपड्याचे पूर्ण पैसे त्यानं न मागताच बहिणीनं मोजून दिले. बांबू मात्र एक कमी भरला. पोरांनी सगळीकडे शोधला आणि तो सापडला शेजारच्या काकूंच्या दारात, बोंबलांच्या वलांडीला आडवा बांधलेला, त्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते. काकू ओशाळल्या आणि सोडायला उठल्या.

“राहू दे काकू,” मांडववाला म्हणाला, “वाळू देत. पावसाआधी येऊन नेईन.” मग त्यानं बहिणीकडून वही मागून घेतली आणि सह्यांच्या खाली लिहिलं: बांबू १, येणे.